आवाज नको म्हणून

किशोर सरांना मी ओळखलं ते आवाजावरून. मान खाली घालून मी एका की-बोर्डमध्ये सांडलेला चहा पुसत होते, आणि काउंटरच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं की, वस्तू जुनी आहे पण जातिवंत आहे. माणूस स्वतःच्या वस्तूचं असं कौतुक करायला लागला की ती वस्तू बहुधा मेलेली असते, हा माझा धंद्यातला अनुभव. मी वर पाहिलं. पोट सुटलं होतं, मिशा रंगवलेल्या होत्या, पण माणूस तोच होता. आणि त्यांनी काउंटरवर ठेवलेला लॅपटॉपही तोच होता.

तो मी हजारांत ओळखला असता. झाकणाच्या उजव्या कोपऱ्यात कुंकवाचा फिकट डाग होता. तो मीच लावला होता, आठ वर्षांपूर्वी, खंडेनवमीच्या दिवशी.

नांदगावात किशोर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता, अजूनही आहे. मी तिथे आधी विद्यार्थिनी होते आणि नंतर शिकवणारी. शिकवणारी म्हणजे काय, तर हजेरी घ्यायची, झाडू मारायचा, नव्या पोरांना माउस धरायला शिकवायचं आणि खंडेनवमीला सगळ्या मशिनांची पूजा करायची. त्या दिवशी सुतार करवत पूजतो, शिंपी मशीन पूजतो, आम्ही कॉम्प्युटर पूजायचो. हळदीकुंकू, झेंडूचं फूल, चिमूटभर अक्षता. त्या वर्षी सरांनी नवा लॅपटॉप घेतला होता, म्हणून त्याच्यावर मी जरा जास्तच प्रेमाने अक्षता टाकल्या. सगळी बॅच बघत होती. फोटोसुद्धा काढले.

त्यानंतर पाचव्या दिवशी डिप्लोमाच्या सव्वीस मुलांचे प्रोजेक्ट ऑनलाइन पाठवायचे होते. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. सगळे प्रोजेक्ट त्या एका लॅपटॉपमध्ये होते, कारण क्लासमधले बाकीचे कॉम्प्युटर सरांनी पुढच्या बॅचसाठी आदल्या दिवशीच पुसून मोकळे केले होते. दुपारी तीनला लॅपटॉप तापून बंद पडला. सुरू केला की दोन मिनिटांत पुन्हा बंद. असं करता करता पाच वाजले आणि सव्वीस जणांचं वर्ष वाया गेलं.

दोन दिवसांनी सरांनी पालकांची सभा घेतली. नाशिकला कंपनीच्या टेक्निशियनने लॅपटॉप उघडून दाखवला, पंख्यात तांदळाचे तीन दाणे अडकले होते, पंखा जाम झाला आणि आतलं सगळं जळून गेलं, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग सर म्हणाले की, पोरगी भोळी आहे, तिला कुणी रागावू नका. या शेवटच्या वाक्याचं मला आजही कौतुक वाटतं. चोर तो चोर, वर शिरजोर हे ऐकलं होतं. पण चोर आणि वर दयाळू, हे मी तिथेच पाहिलं.

तेव्हा मला राग आला नाही, कारण मला ते खरं वाटलं. अक्षता मीच टाकल्या होत्या. घरी येऊन मी गोधडी ओढून जी पडले ती चार दिवस उठले नाही. त्या चार दिवसांत माझ्या आईने काय केलं, ते मला नंतर कळलं.

माझी आई, झुंबरबाई, शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. तिला लिहिता-वाचता येत नाही. तिने क्लासच्या शिपायाकडून सव्वीस पोरांची घरं तोंडी माहीत करून घेतली आणि रोज खिचडीची पातेली घासून झाली की ती निघायची. प्रत्येक दारात चपला काढायची आणि जो समोर येईल त्याच्या पाया पडायची. म्हाताऱ्यांच्या पडली, बायकांच्या पडली, माझ्याहून लहान पोरांच्याही पडली. माझ्या पोरीच्या हातून झालं, पदरात घ्या, एवढंच म्हणायची. एका घरात तिला विचारलं, की आता आमच्या पोराचं वर्ष खिचडीत शिजवून देणार का? तिने त्यांचेही पाय धरले. मी मात्र एकाही दारात गेले नाही. सरांवर माझा राग आहे, पण त्याच्या खालोखाल तो माझ्या त्या गोधडीवर आहे.

तेव्हापासून आई अक्षतेला हात लावत नाही. लग्नात अक्षता वाटायला कुणी पुढे आलं की ती हात पदराखाली घेते. लोकांनी कधी तिला तसं करायला सांगितलं नाही, पण करू नकोस असंही कुणी म्हटलं नाही.

त्या सव्वीसांतली वैष्णवी, मी शिकत होते तेव्हा माझ्या शेजारी बसायची. आम्ही दोघी एका डब्यात जेवायचो. तिला एका भरतीसाठी तो डिप्लोमा हवा होता. वर्ष गेलं, पुढच्या वर्षी तिचं वय बसेना. आता ती तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान चालवते. आठ वर्षांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटतही नव्हतं.

मी नाशिकला आले ती तोंड लपवायला. नाशिकरोडला एका दुकानात कामाला लागले, दुरुस्ती शिकले, मग स्वतःचं दुकान टाकलं. मला खरं तर एकच गोष्ट बघायची होती, की तांदळाच्या दाण्याने लॅपटॉप जळतो कसा. आठ वर्षांत मी हजारो लॅपटॉप उघडले. केस निघाले, शेव निघाली, उदबत्तीची राख निघाली, झुरळांची अख्खी वस्ती निघाली. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तर दर दुसऱ्या मशिनीत तांदूळ. दाणा पंख्यात गेला की पंखा खडखड वाजतो, माणूस घाबरून त्याच दिवशी दुकानात येतो, मी चिमट्याने दाणा काढते, संपलं. तांदळाने जळालेलं एकही मशीन मी पाहिलं नाही. माझ्या मनात शंका मूळ धरत गेली. पण शंकेवर कुणाच्या दारात जाता येत नाही, आणि ज्याच्या पोटात खरं होतं तो लॅपटॉप सरांच्या कपाटात होता.

आता तो माझ्या काउंटरवर होता.

सरांनीही मला ओळखलं. त्यांना अजिबात संकोच वाटला नाही. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्याकडे वळून ते म्हणाले, "आमचीच विद्यार्थिनी. बिनधास्त द्या हिच्याकडे मशीन. फक्त पूजा करू देऊ नका." गिऱ्हाइकं हसली. त्यांना काही कळलं नव्हतं, पण हसली. आणि मीही हसले. ते हसू माझ्या तोंडावर कसं आलं ते मला माहीत नाही. मला ते अजून पुसून टाकावंसं वाटतं.

सरांचं काम असं होतं. क्लासला पंचवीस वर्षं होत होती, मे महिन्यात नांदगावला मोठा सत्कार समारंभ ठरला होता. जुन्या बॅचचे सगळे फोटो या लॅपटॉपमध्ये होते. तो मेलेलाच आहे, पण निघाले फोटो तर बघ, असं ते म्हणाले. निघता निघता त्यांनी आणखी एक सांगितलं. समजा सुरू झालाच, तर पंख्याचा आवाज तेवढा कमी कर, फार घरघर करायचा. मी पावती लिहीत होते, माझा हात तिथेच थांबला. जाम झालेला पंखा घरघर कशी करेल?

ते गेल्यावर मी दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि चार्जर लावला. बॅटरी मेली होती. लॅपटॉप मात्र दोन मिनिटांत सुरू झाला. पंखा असा गरजला, की शेजारच्या चष्मेवाल्याने डोकावून विचारलं, काय चाललंय म्हणून.

सव्वीसच्या सव्वीस प्रोजेक्ट तिथे होते. एकाही फाइलला धक्का लागलेला नव्हता. मी वैष्णवीचा उघडला. पहिल्या पानावर तिने गुलाबाचं चित्र टाकलं होतं आणि खाली स्वतःचं नाव तीन रंगांत लिहिलं होतं. मी तो बंद केला. पुढचं बघायला डोळे कोरडे हवे होते.

लॅपटॉपचा पंखा साधारण आपला आपण चालतो. मशीन तापलं की तो जोरात फिरतो, गार झालं की हळू. पण एक छोटा प्रोग्रॅम मिळतो. तो टाकला की लगाम माणसाच्या हातात येतो आणि पंखा किती फिरवायचा ते आपण ठरवतो. तो प्रोग्रॅम सरांच्या लॅपटॉपमध्ये होता. शिवाय तो सगळ्याची नोंद ठेवत होता, तारीख, वेळ, पंख्याचा वेग आणि आतली उष्णता. मुदतीच्या आदल्या दिवशी पंखा सगळ्यात खाली आणून तिथेच बांधून टाकला होता. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप दुपारीच सुरू केला होता, आणि तीन वाजता उष्णता शंभर अंशांवर. मग बंद, सुरू, बंद, सुरू. आणि त्याच संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पंखा पुन्हा मोकळा सोडलेला होता. त्यानंतर पाऊण तास लॅपटॉप बिनतक्रार चालला होता.

म्हणजे सहा दहाला सरांना सगळं कळलं होतं. चूक त्यांची होती, आणि चूक कुणाच्याही हातून होते. पण सभा त्यांनी दोन दिवसांनी घेतली. दोन दिवस बसून त्यांनी तांदूळ निवडला.

पंखा का बांधला तेही सापडलं. तेव्हा सर इंटरनेटवर टाकायला शिकवणीचे व्हिडिओ करायचे. आदल्या दिवशीचा व्हिडिओ तसाच पडून होता. मागे फळ्यावर खडूने तारीख, पुढे सर. मागच्या व्हिडिओत पंख्याचा आवाज येतो अशी तक्रार होती, तो मी आता बंदच करून टाकलाय, असं ते हसत हसत सांगत होते.

मी लॅपटॉप उलटा केला. खालच्या मधल्या स्क्रूवर कंपनीचं चंदेरी सील होतं. रंग उडाला होता, पण सील अखंड होतं. तो स्क्रू काढल्याशिवाय झाकण निघत नाही. कुठलाही टेक्निशियन त्याच्या आत कधी गेलाच नव्हता. तीन दाणे सरांच्या डोक्यातून निघाले होते.

मग माझी खरी अडचण सुरू झाली. आत दाणा होता की नव्हता? जाळीतून टॉर्च मारली, काही दिसलं नाही. उघडून बघितलं असतं तर जीव शांत झाला असता, पण सील फाटलं असतं आणि सरांनी म्हटलं असतं की हिनेच दाणे काढून टाकले. म्हणून मी उघडला नाही. साफ केला नाही, मशीन गार ठेवणारी आतली पेस्ट बदलली नाही, काहीच केलं नाही. दुकान काढल्यापासून मी गिऱ्हाइकाचं काम पहिल्यांदाच मुद्दाम अर्धवट ठेवलं.

फक्त तीनदा तपासून पाहिलं. पंखा मोकळा ठेवून फोटो आणि व्हिडिओ चालवले, तर अख्खी दुपार घरघरत चालला. पंखा खाली बांधला, तर एकदा नऊ मिनिटांत बंद पडला, एकदा अकरा, एकदा दहा.

सरांना फोन करून मी धडधडीत खोटं बोलले. फोटो निघालेत, पण त्यांचा स्लाइड शो याच मशीनवर नीट चालतो, दुसरीकडे नेला तर अक्षरं बिघडतात. मी स्वतः येते चालवायला, गुरुदक्षिणा समजा. पंचवीस वर्षं कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाने हे खरं मानलं. वर म्हणाले, मला माहीत होतं तू मनात काही ठेवणार नाहीस.

कार्यक्रम मेच्या दुसऱ्या रविवारी होता, नांदगावच्या एका मंगल कार्यालयात. पत्र्याचं छत, सकाळी अकराचं ऊन, दोनेकशे माणसं. त्या सव्वीसांपैकी पंधरा-सोळा आले होते, काही बायकापोरांसह. वैष्णवी तिसऱ्या रांगेत होती. आई यायला तयार नव्हती. मला एकटीला भीती वाटते म्हटल्यावर आली आणि सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसली. मी तिला काहीही सांगितलं नव्हतं. आत दाणा निघाला असता, तर तिचं तोंड दुसऱ्यांदा काळं झालं असतं, आणि या वेळी खरोखर माझ्या हाताने.

लॅपटॉप स्टेजवर, सरांच्या माईकजवळच ठेवला होता. ती जागा मीच निवडली होती. पंखा मोकळा सोडला होता आणि तो माईकमधून अख्ख्या हॉलभर घरघरत होता. पडद्यावर जुने फोटो सरकत होते. पाहुण्यांचं भाषण त्यातच बुडालं. सर बोलायला उभे राहिले, दोन वाक्यं झाली आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पल्लवी, तो पंखा बंद कर आधी."

मी जागेवरूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर, अगदी कमी करता येईल. पण मशीन तापेल."

"काही होत नाही. मी सांगतोय ना? आवाज नकोय मला."

मी पंखा खाली आणला. हॉल शांत झाला. मी घड्याळ बघितलं.

सर रंगात आले. शून्यातून क्लास कसा उभा केला, पहिला कॉम्प्युटर बैलगाडीतून कसा आणला, हे सगळं झालं. मी लॅपटॉपच्या कडेला बोट लावून उभी होते. पाचव्या मिनिटाला चटका बसायला लागला. नवव्या मिनिटाला सर म्हणाले की विद्यार्थी हीच माझी संपत्ती, आणि पडदा काळा झाला.

दोनशे माणसं काळ्या पडद्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं सर घाबरतील. ते हसले. माईक तोंडाजवळ घेऊन म्हणाले, "पल्लवीताईंनी परत अक्षता टाकल्या वाटतं." हॉल खदखदून हसला. नांदगावात तो विनोद आठ वर्षं चालत होता, हे मला तेव्हा कळलं. मागे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मी पुढे जाऊन दुसरा माईक उचलला. मी सरांना विचारलं की त्या वेळी टेक्निशियनने किती दाणे काढले होते. सर म्हणाले, तीन. तुमच्यासमोर उघडला होता का? हो, माझ्यासमोर. मी लॅपटॉप उलटा करून धरला, स्क्रूवरचं सील दाखवलं आणि ते फाटल्याशिवाय हा उघडत नाही, हे सांगितलं. मग वैष्णवीला हाक मारली. माझ्या हाताने उघडणार नव्हते मी.

ती येईल की नाही मला माहीत नव्हतं. ती आली, पण माझ्याकडे न बघता. मी दिलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने तिने सील फोडलं, सगळे स्क्रू काढले, झाकण उचललं. आत धुळीचा थर होता. तिने लॅपटॉप कलता केला आणि टेबलाच्या पांढऱ्या चादरीवर एक दाणा पडला. तांदळाचा, कुंकवाने लालसर झालेला, एकच.

सरांनी तो दाणा चिमटीत धरून वर केला. "बघा. बघा सगळ्यांनी. मी खोटं बोलत होतो का?" समोर कुजबुज सुरू झाली. मला उत्तर माहीत होतं, पण मी नुसती त्या दाण्याकडे बघत राहिले. आठ वर्षांपूर्वीची ती मुलगी पुन्हा उभी राहिली होती, आणि तिला पुन्हा तेच खरं वाटत होतं.

बोलली ती वैष्णवी. तिने माईकसुद्धा घेतला नाही.

"सर, हा दाणा सकाळपासून आतच होता ना?"

सरांनी दाण्याची चिमूट खाली घेतली.

"आत होता तरी पंखा सकाळपासून बोंबलत होता. सगळ्यांनी ऐकलाय. जाम कुठं होता? तुम्ही बंद करायला लावला तवा मशीन मेलं."

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मान हलवली. मग मागे कुणीतरी म्हणालं, बरोबर हाय. सर म्हणाले, आजची गोष्ट वेगळी आणि त्या वेळची वेगळी. एवढ्यात मी भानावर आले होते. मी झाकण बसवलं, लॅपटॉप सुरू केला आणि पंखा मोकळा सोडला. आधी पडद्यावर तो व्हिडिओ लावला. मागे फळ्यावर तारीख, पुढे आठ वर्षांनी तरुण असलेले सर, आणि त्यांच्याच तोंडून, पंखा मी बंदच करून टाकलाय. मग सहा दहाची नोंद दाखवली आणि साध्या शब्दांत वाचून दाखवली. मग सव्वीस प्रोजेक्ट एकामागून एक उघडले. लोक आपापली नावं वाचत होते. वैष्णवीचं गुलाबाचं फूल आलं तेव्हा ती पडद्याकडे पाठ करून उभी राहिली.

मला वाटलं होतं, या क्षणी मला फार मोठं वाटेल. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं. सरांच्या कपाळावरचा घाम मिशांच्या रंगात उतरताना मी डोळे भरून पाहिला. हॉलमध्ये आवाज वाढत चालला होता. कुणी म्हणत होतं, माझं वर्ष गेलं. एकाने खुर्ची ढकलली. सरांनी दोन्ही हात वर केले आणि माईकवर म्हणाले, झालं ते झालं, मी सगळ्यांची जाहीर माफी मागतो, आता जेवणं करून घ्या. ते इतकं सफाईदार होतं की काही माणसं खरंच पंगतीकडे बघायला लागली. हा माणूस एका वाक्यात सुटत होता.

तेव्हा मागची खुर्ची सरकली. आई मधल्या वाटेने चालत स्टेजपाशी आली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

"सर, चला."

सरांनी कुठे म्हणून विचारलं.

"सव्वीस घरं हायेत. मी पायी गेल्ते, तुमी बी पायीच चला. घरं मी दाखवते, मला समदी पाठ हायेत."

सर तिला समजवायला लागले. झुंबरबाई, आत्ताच सगळ्यांसमोर मागितली ना माफी, सगळ्यांनी ऐकली.

"मी हॉलमधी नव्हती मागितली," आई म्हणाली. "दारात जाऊन मागितली व्हती."

सरांनी पाहुण्यांकडे बघितलं. पाहुणे मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होते. त्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं, तिथले लोक त्यांच्या जाण्याची वाट बघत बसले होते. वैष्णवीने स्टेजची पायरी मोकळी करून दिली. सर उतरले.

बाहेर साडेबाराचं ऊन होतं. पुढे आई, मागे गळ्यात हार घातलेले सर, त्यांच्या मागे मी आणि वैष्णवी, आणि आमच्या मागे हॉलमधली निम्मी माणसं. पहिलं घर दोन गल्ल्या सोडून होतं. अंगणात शहाबादी फरशी होती. एक म्हातारी दारात आली. सरांनी उंबऱ्याबाहेरून हात जोडले आणि काहीतरी पुटपुटले.

"आसं नाय, सर," आई म्हणाली. "आधी चपला काढायच्या."

सरांनी चपला काढल्या. फरशीवर पाय टेकताच ते चटका लागून दचकले, एकदा हा पाय उचलला, एकदा तो. मग वाकले आणि म्हातारीच्या पायाला हात लावला. म्हातारी गोंधळून आईकडे बघत राहिली. आईने तिला शांतपणे सांगितलं की त्या वेळी मी आले होते ते चुकून आले होते, यायला हवं होतं ते यांनी.

दुसरं घर समोरच्याच बोळात होतं, जेमतेम वीस पावलं. बोळात सावलीही होती. आईने तिकडे बघितलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि स्टेशनाकडून वळसा घालून जाणारा लांबचा रस्ता धरला.